कानाडोळा

तांब्याची नळी. एक टोक चेपून इंजिनाच्या बोल्टाखाली,
दुसरं रबरी पाइपातून
जुन्या इअरमफच्या उजव्या वाटीत.
तीस वर्षं एवढंच माझं सॉफ्टवेअर.
गाडी रोलरवर, गिअर चौथा, पाय तळाशी,
आणि मी कानात प्राण आणून
त्या एका आवाजाची वाट बघायचो.
आई बुधवारी रात्री एनॅमलच्या पातेल्यात
कोरडे वाटाणे ओतायची, गुरुवारच्या सुपासाठी.
त्यातले पहिले दोन, तेवढाच आवाज.
दोन वाटाणे पडले की पाय वर,
टायमिंग एक अंश मागे. झालं काम.

आता मार्च. केमीचा समुद्र अजून गोठलेला,
बर्फावरची शर्यत तीन आठवड्यांवर.
केर्ट्टूची व्होल्वो रोलरवर उभी,
पोटात दुसऱ्याच गाडीचा टर्बो,
बॉनेट चिकटपट्टीने धरलेलं.
लॅपटॉपवर तीन सॉफ्टवेअरं.
निवड, म्हणाली, तुझं म्हातारपण सुखात जाईल.

पहिलं फुकट. बोर्डाला डाख आपणच द्यायचा.
रकानेच रकाने, आणि प्रत्येक रकाना विचारतो,
तू काय करतोयस ते तुला ठाऊक आहे ना?
मला आवडलं ते. माझ्या बापाची शाळा अशीच होती.

दुसऱ्याची किंमत ऐकून मी कॉफी खाली ठेवली.
ते आपलं आपण शिकतं. तुम्ही नुसती गाडी पळवा,
संध्याकाळपर्यंत इंधनाचा तक्ता भरलेला.
"मग आपण काय करायचं?"
"बिल," केर्ट्टू म्हणाली.

तिसरं मधलंच. एका परवान्यात एक गाडी,
गाडी विकली की परवानाही जातो,
लेकीबरोबर दिलेल्या भांड्यांसारखा.
दिसायला कळकट, अर्ध्या सूचना स्वीडिशमध्ये,
आणि खालच्या कोपऱ्यात चार उभ्या पट्ट्या,
एकेका सिलिंडरला एक.
"ह्या कशाला?"
"नॉक. इथे दिसतो."
"दिसतो!" मी हसलो. "उद्या वास ऐकायला सांगशील."

इअरमफ चढवले. तिने पाय दाबला.
चार हजार, पाच, साडेपाच.
कानात नुसतं रेशीम.
मी बोट वर केलं: अजून एक अंश.
अजून एक.
तिने मधेच पाय उचलला.
मी रागाने लॅपटॉपकडे वळलो,
तर तिसरी पट्टी शेंड्यापर्यंत लाल.
केर्ट्टू काच खाली करून माझ्याकडे बघत राहिली.
"मला आत ऐकू आलं, ताइस्तो. बंद काचेतून."

वाटाण्यांची अख्खी गोणी सांडत होती
आणि मी म्हणत होतो, वाढ.

मागच्या ऑगस्टमध्ये आर्वोच्या एस्कॉर्टचा पिस्टन फुटला.
मी पेट्रोल बाटलीत धरून उजेडात दाखवलं. भेसळ, म्हटलं.
आर्वो हलक्या कानाचा नाही.
पण या किनाऱ्यावर माझा कान म्हणजे शेवटचा शब्द,
त्याने मान डोलावली,
आणि पंपवाल्याशी बोलणं टाकलं.
अजून टाकलेलंच आहे.

तसं मला तेव्हाच वाटलं होतं काहीतरी.
दाराची घंटा, किटलीची शिट्टी, दिव्याखालचे डास,
एकेक जण निरोप न घेता निघून गेलं होतं,
नि मी त्याकडे कानाडोळा केला.

तिसरंच घेतलं. सहाशे नव्वद युरो,
पत्र्याच्या डब्यातून मोजून.
एवढंच विचारलं, पट्ट्या मोठ्या होतात का, स्क्रीनभर?
होतात.

नळी केर्ट्टूने मागून घेतली.
पट्टी लाल होते तेव्हा तो आवाज कसा असतो,
तिला नीट ओळखायचंय.
मी म्हटलं, घरून एक पातेलं आण. आणि वाटाणे. कोरडे.

उद्या आर्वोकडे जाईन. फोन नको,
तो काय म्हणाला ते मला कळायचं नाही,
आणि हे त्याच्या तोंडाकडे बघूनच ऐकायला हवं.
आधी पंपवाला की आधी आर्वो,
ते रस्त्यात ठरवेन.